डबक्यातला जावई

एरास्टो कवूयाला काही फार मोठं करायचं नव्हतं. आपल्या गल्लीतलं डबकं पडद्यावर खरं दिसावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. माणसं याहून कितीतरी मोठ्या गोष्टी मनात धरतात आणि त्यांचं काही बिघडत नाही. कोणी पार्लमेंटात जातं, कोणी एंटेबीच्या रस्त्याला हॉटेल काढतं. कवूयाने डबकं धरलं, आणि त्यापायी त्याच्या घरी बायकोची आत्या आली, पांढरी कोंबडी आली, झोनचा चेअरमन शिक्का घेऊन आला, आणि शेवटी त्याचं फाटकं बनियन पोलंडपासून ब्राझीलपर्यंत लोकांनी पाहिलं.

कवूयाचा पोटापाण्याचा धंदा चित्रांचा. कंपालात जमिनी विकणारे लोक रस्त्याच्या कडेला जे फलक लावतात, ज्यात पांढरा बंगला, निळाशार पोहण्याचा तलाव आणि हिरवळीवर विनाकारण हसणारं कुटुंब असतं, ते बंगले तो संगणकावर बांधायचा. प्रत्यक्ष जागेवर गुडघाभर दलदल असायची. असे बंगले बांधून बांधून माणूस थकतो. कवूया इतका थकला होता की त्याला स्वप्नातसुद्धा पोहण्याचे तलाव दिसायचे आणि त्यात तो बुडायचादेखील नाही, नुसता काठावर उभा राहून फरशा मोजायचा.

म्हणून त्याने एक छोटासा व्हिडिओ गेम करायला घेतला. गेम म्हणजे तरी काय, त्यात गोळीबार नाही, राक्षस नाहीत. पाऊस पडून गेल्यावर दुपारी आपण कंपालाच्या किगुंडू वस्तीतल्या आमच्या गल्लीतून चालत जायचं, बस. पण त्यात रे-ट्रेसिंग होतं. पूर्वी गेममधलं ऊन म्हणजे रंगाऱ्याने भिंतीवर फासलेलं ऊन असायचं. रे-ट्रेसिंगमध्ये यंत्र एकेका किरणाचा माग काढतं: कुठून निघाला, कशावर आपटला, तिथून उसळून कोणाकडे गेला. गल्लीतल्या बायका नवीन भाडेकरूचा ठेवतात तेवढा बारीक माग. त्यासाठी त्याने एक जंगी ग्राफिक्स कार्ड आणलं. ते चालू झालं की घरातले दिवे मान टाकायचे. त्याची बायको प्रोस्कोव्हिया शाळेत मुख्याध्यापिका होती, तिला रोज कडक इस्त्रीचे कपडे लागत. "आज तुमचं ऊन का माझी इस्त्री, तेवढं आधी सांगा," असं ती सकाळी दारात उभी राहून विचारायची. बहुतेक वेळा ऊन मागे घ्यावं लागायचं.

अशी तीन वर्षं गेली. मग परदेशातल्या एका गेम कंपनीने त्याचा तुकडा पाहिला आणि लिहिलं की आवडला, पूर्ण करा, आम्ही बाजारात आणू. फक्त निर्णय घेण्याआधी साध्या माणसांनी तो पहिल्यांदा खेळतानाचं चित्रण पाठवा. लोकांची पहिली प्रतिक्रिया आम्हांला बघायची आहे. कवूयाने ते पत्र बायकोला वाचून दाखवलं आणि म्हणाला, "हे जमलं तर जमलं. नाही जमलं तर मी परत तलाव काढीन, आणि पुन्हा या नादाला लागणार नाही." प्रोस्कोव्हियाने मान डोलावली. ती अशी मान डोलावते तेव्हा तिने मनात शपथ लिहून घेतलेली असते.

आता, प्रतिक्रिया मिळवणं यात अवघड ते काय? किगुंडूत तर माणसं न विचारता प्रतिक्रिया देतात. कवूयाने बैठकीच्या खोलीत मोठा पडदा लावला, खेळणारा आणि पडदा दोन्ही दिसतील असा फळीवर फोन चित्रणाला ठेवला आणि पहिल्यांदा समोरच्या नालोंगोला बोलावलं. जुळ्यांची आई म्हणून तिला नालोंगो म्हणायचं. तिचं पाळण्यातलं नाव ती स्वतःसुद्धा विसरली असेल. नालोंगोने कंट्रोलर हातात घेतला, गेममध्ये चार पावलं चालली आणि थबकली.

"कवूया, हे कोण चालतंय?"

"तुम्हीच चालताय, न्याबो," कवूया अदबीने म्हणाला.

"मी? मी मुसोकेच्या म्हातारीच्या दारावरून गेले आणि तिला नमस्कार नाही केला? ती तिथे बसलेली दिसते आहे की!"

"ती नुसती बसवली आहे. शोभेला."

"शोभेला! म्हातारी काय फुलदाणी आहे? खाली बसायचं बटण कुठलंय? मला गुडघे टेकायचेत."

गुडघे टेकायचं बटण नव्हतं. नालोंगोने कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि जिथे माणसाला वडीलधाऱ्यांसमोर वाकता येत नाही अशा गल्लीत आपण एक पाऊलही टाकणार नाही असं सांगितलं. कवूयाने चाचरत विचारलं, "पण ते पानांमधून ऊन कसं पडलंय, ते पाहिलंत का?" नालोंगो म्हणाली, "ऊन काय, रोजचंच आहे."

मग बाकीचे आले. एकाने स्वतःच्या फाटकापुढे गाडी थांबवावी तसा गेम थांबवला आणि रंग कुठे उडालाय ते दाखवलं. रंग तो ईस्टरला देणारच होता, मग जगाला आधीच कशाला दाखवायचा? दुसऱ्याला स्वतःची बकरी दिसेना. तिसऱ्याला दिसली, पण ती शेजाऱ्याच्या कुंपणात दिसली, आणि त्यावरून दोघांचं जे वाजलं ते फोनने इमानदारीने टिपलं. आपापल्या फाटकाच्या पलीकडे कोणी गेलंच नाही. गल्लीच्या पार टोकाला, जिथे कवूयाने एक अख्खं वर्ष घालवून ते डबकं केलं होतं, तिथवर एकही माणूस पोचला नाही.

चौथ्या दिवशी चेअरमन लुब्वामा आला. आमच्याकडे लग्न असो, मयत असो, पासपोर्ट असो, झोनच्या चेअरमनच्या शिक्क्याशिवाय काही हलत नाही, आणि लुब्वामा तो शिक्का शर्टाच्या वरच्या खिशात, हृदयाशी बाळगतो.

"सेबो कवूया," खुर्चीत बसत, साहेब म्हणावं तशा मानाने तो म्हणाला, "माझी गल्ली परदेशी चाललीय असं ऐकलं. परवानगी?"

"चित्राला परवानगी लागते?"

"चित्राला नाही लागत. डबक्याला लागते. माझ्या झोनमध्ये डबकं नाही."

"चेअरमन, तुम्ही आत्ता त्याच्यातूनच आलात. तुमच्या बुटाला चिखल आहे."

लुब्वामाने बुटाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं, मग आवाज खाली आणला. "निवडणूक जवळ आलीय, सेबो. तुम्ही शिकलेले लोक. निदान गेममध्ये तरी डांबर टाका. तुमचं काय जातं? बटण दाबायचं."

कवूयाने त्याला समजावलं की ओल्या डबक्यात आभाळ, छपरं, विजेच्या तारा, सगळं उलटं दिसतं आणि त्यातच सगळी करामत आहे. लुब्वामा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "म्हणजे ते दुप्पट दिसणार!" आणि शिक्का न मारताच गेला.

कवूया त्या दिवशी मागच्या अंगणात फणसाखाली जाऊन बसला आणि खरोखर रडकुंडीला आला. एका माणसाने, फक्त एका माणसाने ते ऊन पाहावं आणि "अरे वा" म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. तीन वर्षांत त्याने दुसरं काही मागितलं नव्हतं. तेव्हा प्रोस्कोव्हिया म्हणाली, "आपली जज्जा खेळेल."

जज्जा म्हणजे तिची आई. मुलांची आजी म्हणून सगळं घर तिला जज्जाच म्हणायचं. कालुंगूकडच्या गावातून ती मोतीबिंदूसाठी आली होती. एक डोळा झाला होता, पट्टी निघाली होती, दुसरा महिन्याने व्हायचा होता. राहायची ती अंगणापलीकडच्या वेगळ्या खोलीत. कारण आमच्यात सासू आणि जावई एकमेकांचं तोंड बघत नाहीत. एका खोलीत बसायचं नाही, एकत्र जेवायचं नाही, हातात हात द्यायचा तर प्रश्नच नाही. बघितलं तर अंगात कंप भरतो आणि म्हातारपणी हात थरथरतात, असं जुनी माणसं सांगतात. ज्यांचा विश्वास नाही तेही मुद्दाम परीक्षा घ्यायला जात नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कवूयाला सासूबाई म्हणजे कोपऱ्यावरून वळणारा गोमेसीचा, म्हणजे बायकांच्या पायघोळ झग्याचा, घोळ, आणि सासूबाईंना जावई म्हणजे एक खोकला. कोपऱ्यावर यायच्या आधी तो खोकायचा. इतकी वर्षं खोकून त्याला खराच खोकला झाला होता.

कवूयाने या कामाची तयारी एखाद्या मंत्र्याच्या दौऱ्यासारखी केली. जज्जा खोलीत येईपर्यंत त्याने बाहेर थांबायचं. तो मागच्या दाराने फणसाखाली जायचा, ती पुढच्या दाराने आत यायची. भिंतीवरचा लग्नाचा फोटो, ज्यात तो होता, तो उतरवून पलंगाखाली ठेवला. मध्ये प्रोस्कोव्हिया बसायची आणि काही विचारायचं झालं तर खिडकीतून विचारायची. रीतिरिवाजाला धक्का लागेल अशी एकही फट त्याने ठेवली नाही. आणि मग तो समाधानाने शेंगदाणे सोलत बसला.

जज्जाने कंट्रोलर हातात घेतला. ती मुसोकेच्या म्हातारीपाशी थांबली, स्वतः खुर्चीतून उतरून जमिनीवर गुडघे टेकले, म्हातारीची, तिच्या मुलांची, तिच्या केळीच्या बागेची विचारपूस केली, उत्तर येत नाही म्हटल्यावर "बहिरी झालीय बिचारी" असं म्हणून पुढे निघाली. फाटकांवरून गेली, बकरीवरून गेली. फणसाखाली कवूया कान लावून ऐकत होता आणि शेंगा सालीसकट तोंडात टाकत होता, कारण ती चालतच होती. ती टोकापर्यंत पोचणार होती.

"पुढे पाणी आहे," जज्जा म्हणाली. "खोल आहे का बघते." आणि ती डबक्यावर वाकली.

आता इथे एक बारीक गोष्ट सांगायला हवी, जी कवूया साफ विसरला होता. अशा गेममध्ये आपल्याला आपलं शरीर दिसत नाही, आपण डोळ्यांतून बघत असतो. पण रे-ट्रेसिंगचं पाणी खरं असतं. त्यात वाकून पाहिलं तर वाकणारा दिसायला हवा, म्हणजे कोणाचं तरी शरीर तिथे लागणार. कवूयाने मागच्या अंगणात उभं राहून फोनने स्वतःचेच चहूबाजूंनी फोटो काढले होते आणि त्यातून तो माणूस बनवला होता. घरच्या कपड्यांवर. नंतर सूट घालायचा, असं मनात होतं.

जज्जाच्या नव्या डोळ्याला डबक्यात आभाळ दिसलं, विजेच्या तारा दिसल्या, आणि मधोमध जावई दिसला. तोंडासमोर तोंड. बनियनला पोटावर भोक.

"आई गं!" एवढंच ती ओरडली, कंट्रोलर फेकला, गोमेसीच्या कमरेच्या पट्ट्याचं टोक ओढून तोंडावर घेतलं आणि खुर्चीसकट मागे कोसळली. प्रोस्कोव्हियाने झेप घालून तिला धरलं. फणसाखालून कवूया धावत दारापर्यंत आला, आणि आत जायचं नाही हे आठवून तिथेच गोल गोल फिरायला लागला.

डोळ्याला काही झालं नव्हतं. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तपासून तसं सांगितलं. इभ्रतीला मात्र डॉक्टर नसतो. जज्जाने आपल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि आतून सांगितलं की ती गावी जाणार, दुसरा डोळा आंधळा राहिला तरी चालेल. प्रोस्कोव्हिया नवऱ्याला एवढंच म्हणाली, "तेच बनियन? मी ते लादी पुसायला काढलं होतं." त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

मग सेंगा आली. सेंगा म्हणजे मुलीची आत्या. लग्नाबिग्नाच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. म्हणजे ही जज्जाची नणंद. नणंद म्हटल्यावर बाकीचं सांगायला नको. एडिसा सेंगा मिट्यानाहून टॅक्सीने आली, ती उतरायच्या आधीच विचारत होती, "किती वेळ बघितलं? नीट आठवून सांगा."

अंगणात बैठक बसली. चेअरमन आला, कारण तो सगळीकडे येतो. नालोंगो आली, कारण तिची खिडकी समोर होती. जज्जा बंद दाराआड होती आणि कवूयाला पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं, शिक्षा झालेल्या पोरासारखं.

"प्रत्यक्ष बघितलेलं नाही," नालोंगोने जावयाची बाजू घेतली. "पाण्यात बघितलं. तेही पडद्यावरच्या पाण्यात."

"तोंड ते तोंड," चेअरमन म्हणाला.

"पण डबक्यावर वाकला कोण? जज्जाच ना? म्हणजे पाण्यात दिसली ती तिचीच सावली. तिने स्वतःलाच बघितलं. जावई आलाच कुठे त्यात?"

सेंगाने बराच विचार केला. मग ती सावकाश म्हणाली, "म्हणजे माझी वहिनी जावयाच्या बनियनमध्ये शिरली होती, असं तुझं म्हणणं आहे?"

बंद दाराआडून एक हुंदका ऐकू आला. नालोंगोने आपला मुद्दा मागे घेतला.

असं याआधी कोणाच्या घरी घडलेलं नसल्यामुळे त्यावरचा उतारा कोणालाच ठाऊक नव्हता. शेवटी सेंगाने तो तिथल्या तिथे बनवला. जावयाने पांढरी कोंबडी द्यायची. आणि त्या गेममध्ये तोंड दिसेल अशी एकही वस्तू ठेवायची नाही. डबकं बुजवायचं. ते झालं तर वहिनी राहील आणि दुसरा डोळा करील. चेअरमनने ताबडतोब खिशातून शिक्का काढला. डबकं बुजवण्याच्या हुकमावर शिक्का मारायला तो इतका उतावीळ होता की कागद नव्हता म्हणून त्याने तो कोंबडी आणायला काढलेल्या पिशवीवर मारला.

कोंबडी देणं सोपं होतं. पण तेवढ्यात दुसरंच काहीतरी झालं. चेअरमनने फोनमधलं ते चित्रण पुरावा म्हणून मागून घेतलं होतं. पुरावा त्याने झोनच्या ग्रुपवर टाकला, सभासदांना माहिती असावी म्हणून. तिथून तो कुठे कुठे गेला ते देव जाणे, पण आठवडा संपायच्या आत जगभरचे गेम खेळणारे लोक जज्जाला पडताना बघत होते. ती का पडली हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं, ग्राफिक्स बघून पडली.

"पाणी इतकं खरं की आजी बुडाली," असं एकाने लिहिलं. दुसरा म्हणाला, हे साफ खोटं आहे, खरं पाणीसुद्धा इतकं खरं दिसत नाही. तिसऱ्याने विचारलं की हे माझ्या मशीनवर चालेल का, आणि चौथ्याने त्याला सांगितलं की तुझ्या मशीनवर फक्त चिखल दिसेल. मग रे-ट्रेसिंगची खरंच गरज असते का यावर त्यांच्यात असं भांडण पेटलं की बकरीचं भांडण त्यापुढे सभ्य वाटावं. कवूया हे सगळं वाचत होता. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ती हीच तर दाद होती. फक्त पोलंडच्या एका माणसाने कळकळीने विचारलं होतं, "बनियनचं भोक कसं केलंत? इतकं नैसर्गिक भोक मी आजवर पाहिलेलं नाही," आणि त्यावर शंभर जणांनी पसंतीचे अंगठे उंचावले होते.

कंपनीचंही पत्र आलं. तिथली माणसं आनंदाने वेडी झाली होती. ही प्रतिक्रिया म्हणजे सोनं आहे, त्यांनी लिहिलं. जाहिरात हीच करायची. आजी आणि डबकं. गेम आहे तसा सोमवारपर्यंत पाठवा, आम्ही घेतोय.

कवूयाने ते पत्र प्रोस्कोव्हियाला दाखवलं. ती वाचून म्हणाली, "तुमचं तुम्ही ठरवा." आणि उशिरापर्यंत इस्त्री करत राहिली. आधीच इस्त्री केलेले कपडेसुद्धा तिने पुन्हा केले.

कवूया संगणकापुढे बसला. पाठवायला एक बटण होतं. त्याने स्वतःला पुष्कळ समजावलं. म्हातारीला कुठे कळणार आहे, ती काय पोलंडला जाणार आहे? जग बघून चुकलंच आहे, आता डबकं बुजवून काय उपयोग? सगळं पटत होतं. मग त्याला ती पट्ट्याचं टोक तोंडावर ओढतानाची दिसायची. चित्रण त्याने फक्त एकदाच, तेही मान वळवून, अर्धवट पाहिलं होतं, कारण पूर्ण पाहिलं असतं तर त्यात तिचं तोंड दिसलं असतं. जी गोष्ट मला बघायची सोय नाही ती मी जगाला कशी विकू, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःचा अतिशय राग आला.

त्याने डबक्यात मुरूम टाकला.

डबकं बुजलं, पण सेंगाने एकही चकाकती वस्तू नको म्हटलं होतं, आणि सेंगा मिट्यानाला परतली नव्हती. ती त्याच्या मागे स्टुलावर बसून बोट दाखवायची. "ती खिडकी." कवूया काचेवर धूळ टाकायचा. "ती किटली." किटलीला काजळी चढली. मोटरसायकलचे आरसे गेले, चर्चचं नवं पत्र्याचं छप्पर गंजलं, न्हाव्याच्या दुकानाला टाळं लागलं. बकरीच्या डोळ्यांवर बराच खल झाला आणि शेवटी बकरीला झोपवलं. जगातल्या सगळ्यांत झकपक तंत्राने बनवलेल्या गेममध्ये चकाकणारं म्हणून काही उरलं नाही. सूटही घालायचा राहिला, कारण आता तो माणूस कशातच दिसणार नव्हता.

सोमवारी सकाळी खांबावरचा कर्णा खरखरला आणि चेअरमन लुब्वामाने जाहीर केलं की नागरिकांच्या मागणीवरून गल्लीतलं डबकं बुजवण्यात आलं आहे. लोक कौतुकाने बाहेर आले. डबकं होतं तिथेच होतं आणि एक मोटरसायकलवाला त्यात चाकं धूत होता.

कवूयाने तो कोरडा गेम पाठवला. जाहिरातीत आजी वापरू नये, अशी विनंतीही केली. कंपनीने सभ्यपणे, सावकाश उत्तर दिलं. काम मेहनतीचं आहे, पण त्यांच्याकडच्या खेळाडूंनी तो खेळून पाहिला, आणि त्यांना फार धूळ वाटली. यात वेगळं काय आहे ते कोणाला सांगता आलं नाही. त्यांनी शुभेच्छा दिल्या होत्या.

कवूयाला फार वाईट वाटलं. इतकं वाईट की चिडायलाही अंगात त्राण नव्हतं. तो दुसऱ्याच दिवशी एका जमीनवाल्याचा तलाव काढायला बसला. जमीनवाल्याला तलाव मूत्रपिंडाच्या आकाराचा हवा होता.

जज्जा मात्र राहिली. कोंबडी तिने स्वीकारली, पाळली, आणि तिच्याशी दिवसभर बोलत असायची. दुसऱ्या डोळ्याचा दिवस जवळ आला होता. एका दुपारी प्रोस्कोव्हिया शाळेत होती. कवूया मागच्या पडवीत आला, सवयीने खोकला, आणि त्याला जाणवलं की बैठकीच्या खोलीत गेम चालू आहे.

"मुको, तुम्हीच का?" आतून आवाज आला. जावयाला ती मुको म्हणायची, तेही आजवर दुसऱ्याच्या मार्फत.

"हो, जज्जा."

"आत येऊ नका. तिथेच बसा. पाठ करून."

तो भिंतीला पाठ टेकून बसला. भिंतीच्या दुसऱ्या बाजूला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तुमच्या लेकीने लावून दिलं होतं सुट्टीत. मी रोज खेळते. प्रोस्कोव्हियाला सांगू नका."

"नाही सांगत."

"मला एक विचारायचं होतं. या मुसोकेच्या पडवीचं छत खालून लाल का आहे?"

कवूया दचकला. "लाल?"

"लाल. जास्त नाही, थोडंसं. रंग दिलेला नाही, कारण पलीकडच्या बाजूला तो नाही. अंगणात ऊन आलंय तेवढ्याच भागावर आहे. मातीचा रंग वर चढलाय, नाही का?"

"हो," कवूया म्हणाला. "ऊन मातीवर पडून वर उसळतं. येताना मातीचा रंग घेऊन येतं."

"तेच म्हटलं मी. कालुंगूला आमच्या पडवीत जेवणं झाली की असंच व्हायचं. मी शेंगा निवडत बसायची आणि वर बघायची." खुर्ची करकरली. "डोळे जायला लागले ना, मुको, तेव्हा सगळ्यांत आधी तेच गेलं. माणसं फार नंतर गेली. माणसं गेली तरी आवाजावरून कळायची. ते छत पांढरं झालं, आणि मी कोणाला सांगू? लोक म्हणाले असते, छत काय, रोजचंच आहे. मला वाटलं, रंगच विटला असेल त्याचा. आता इथे आहे म्हटल्यावर कळलं की तेव्हाही होतं."

कवूया भिंतीला पाठ लावून बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायचं त्याला भान नव्हतं, आणि बघणारं तसं कोणी नव्हतंच.

"मुको?"

"आहे, जज्जा."

"असं अजून कुठे कुठे करून ठेवलंय तुम्ही? एका डोळ्याने माझं काही सुटलं असेल."

जमीनवाल्याचा तलाव संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. कवूयाने पाय पसरले, भिंतीला डोकं टेकलं आणि घसा साफ केला.

"पडवीतून खाली उतरा," तो म्हणाला. "डावीकडे वळा. केळीच्या पानाखाली जाऊन उभ्या राहा. राहिलात? आता लगेच चालू नका. थोडं थांबा, आणि वर बघा."

भिंतीपलीकडे बटणं टकटक वाजली आणि थांबली. मग जज्जाचा आवाज आला, अगदी हळू, "अरे वा."